तुमचं पत्र, माझं उत्तर : मिरवणूक दिसते, मंगळवार दिसत नाही

दिवाळी अंकात आम्ही एक छोटी चौकट टाकली होती, "तुमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं स्वप्न कोणतं आणि ते कुठे अडलंय ते कळवा" म्हणून. मला वाटलं वीसेक पत्रं येतील, तर टेबल भरलं, मेलबॉक्स भरला, आणि एका आजोबांनी तर पोस्टकार्ड पाठवलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार निवडली. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये, पत्रं जागेसाठी थोडी कापलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. वय २८, गाव परभणी जिल्ह्यात. ६ वर्षं झाली पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. राज्यसेवेची मुख्य दोनदा दिली, एकदा चार मार्कांनी गेली. लहानपणापासून स्वप्न एकच, क्लास वन. शेजारच्या गावचा पोरगा डेप्युटी कलेक्टर झाला तेव्हा जेसीबीतून फुलं उधळली, डीजे लावला, त्याच्या आईला फेटा बांधला. माझ्या आईला पण तसंच फेट्यात बघायचंय मला. आता पॅटर्न बदललाय, लेखी पेपर आलेत, म्हणजे सगळं परत पहिल्यापासून. परवा मेसमधे एका ज्युनिअरनी विचारलं, दादा अधिकारी झाल्यावर तुला नक्की काय करायचंय? मला काही बोलताच आलं नाही, ताटातला भात तसाच राहिला. तेव्हापासून झोप नाही. हे स्वप्न माझंच आहे ना? का गावाचं आहे? धरू का सोडू?

उत्तर : अरे, तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं. मिरवणूक तीन ठिकाणी आलीये. फुलं आहेत, डीजे आहे, फेटा आहे, आणि जो भाग आम्ही कापला त्यात लाल दिव्याची गाडी पण होती. आता तो लाल दिवा १ मे २०१७ पासून देशभर निघालाय, मंत्र्यांच्या गाड्यांवरचा सुद्धा. तुझ्या स्वप्नात तो अजून फिरतोय. पण अधिकाऱ्याचं काम? ते आख्ख्या पत्रात एकदाही नाही. एवढं मोठं पत्र आणि त्यात एकही फाईल नाही, एकही माणूस नाही ज्याचं काम तुला करून द्यायचंय. ज्युनिअरनी काही वाकडं विचारलं नाही, त्याने फक्त मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवसाचं विचारलं.

तर तो दुसरा दिवस कसा असतो ते सांगते, माझे एक नातेवाईक तहसीलदार म्हणून रिटायर झालेत त्यामुळे मी तो जवळून बघितलाय. समजा साधा मंगळवार आहे. सकाळी शेतरस्त्याची केस, एकाने दुसऱ्याची वाट अडवलीये, मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट नावाचा १९०६ सालचा कायदा आहे त्याच्याखाली सुनावणी, आणि समोर उभे असतात सख्खे चुलत भाऊ जे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग उत्पन्नाचे दाखले, कुणाचा तरी कॉलेजचा ॲडमिशनचा शेवटचा दिवस आणि सर्व्हर डाऊन. दुपारी वाळूचा हायवा पकडलाय तो सोडा म्हणून फोन, आणि सोडला नाही म्हणून दुसरा फोन. मग वरच्या साहेबांची व्हिडिओ कॉन्फरन्स, अवकाळीचे पंचनामे कधी देताय, मधेच कुणाचा तरी दौरा, आणि निवडणूक लागली की ह्या सगळ्याच्या डोक्यावर निवडणूक. घरी जायला रात्रीचे नऊ. हे तीस वर्षं. गुलाल एका आंघोळीत जातो रे.

मी तुला घाबरवत नाहीये. काही माणसांना ह्याच गोष्टीत प्रचंड मजा येते, माझे नातेवाईक अजून सुद्धा जेवताना एखाद्या बांधाच्या भांडणाची गोष्ट अशी रंगवून सांगतात की आमटी गार होते. प्रश्न एवढाच की तू त्यातला आहेस का, आणि हे अभ्यासिकेत बसून कळत नाही. म्हणून एक कर. गावी जा, तालुक्याच्या तहसील कचेरीत तीन दिवस नुसता बस. सुनावण्या चालतात त्या बघ, बाहेर बाकावर लोक असतात त्यांच्याशी बोल, आणि तुझ्या ओळखीतलं जे कुणी सिलेक्ट झालंय आणि दोन वर्षं पोस्टिंग झालंय त्याला फोन करून विचार, काल दिवसभर काय केलंस. सत्काराचं भाषण नको, कालचा दिवस विचार. तिसऱ्या दिवशी तुला जर असं वाटलं की त्या दोन भावांचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय उठवत नाही, तर स्वप्न तुझंच आहे, परत ये आणि जोरात अभ्यास कर. आणि पहिल्याच दिवशी दुपारी मोबाइल काढून बसलास तर तेही उत्तरच आहे.

ह्याचा अभ्यासाला पण उपयोग होईल बरं का. नव्या पॅटर्नमधे निबंध आहे, नीतिशास्त्राचा पेपर आहे, तिथे गोळे काळे करून भागत नाही. म्हणजे जे ज्युनिअरनी मेसमधे विचारलं तेच आता आयोग विचारणार आहे, जरा वळणं घेऊन.

आणि वयाचं. यूपीएससीत खुल्या गटाला ३२ वर्षं आणि ६ अटेम्प्ट झाले की दार बंद होतं, लोक रडतात पण निदान सुटतात. इकडे राज्यसेवेला खुल्या गटाला सुद्धा ३८ पर्यंत फॉर्म भरता येतो, म्हणजे तुला अजून दहा वर्षं कुणी उठ म्हणणार नाहीये. लोकांना ही सवलत वाटते, मला ती भीती वाटते, कारण दार तुलाच लावायला लागणार. तेव्हा तारीख ठरव, कागदावर लिही, रूम पार्टनरला दाखव. अजून दोन वेळा म्हणत असशील तर दोनच. लाखोंनी फॉर्म येतात आणि जागा काही शे असतात, तिथे चार मार्कांनी राहणं म्हणजे तू कमी होतास असं नाही, तो गणिताचा भाग आहे. पण म्हणून सातवं, आठवं, नववं वर्ष नुसतं वाहवत घालवायचं नाही.

राहता राहिला फेटा. आईला फेटा हवाय हे आईनी कधी सांगितलंय का? एकदा विचार. बऱ्याचदा आयांना पोरगा वेळेवर जेवतो का एवढंच हवं असतं आणि आपण त्यांच्या नावावर मोठी मोठी स्वप्नं खपवत असतो.

प्रश्न : मी डोंबिवलीची, वय ४९, सरकारी बँकेत आहे. मुलगा बंगलोरला, मिस्टर त्यांच्या कामात. माझा प्रॉब्लेम उलटा आहे, मला स्वप्नच नाहीये. आमच्या भिशीत सगळ्यांच्या बकेट लिस्ट आहेत, एक लडाखला बुलेटवर जाऊन आली, एकीने तारकर्लीला स्कुबा केलं, एक आता मॅरेथॉन पळणारे. माझी पाळी आली की मी म्हणते माझं आपलं बरं चाललंय. आणि खरंच बरं चाललंय. रात्री सगळं आवरलं की साडेअकराला माझा एक तास असतो, सासऱ्यांच्या ट्रंकेत जुने मोडीतले कागद निघाले ते काढून बसते, यूट्यूबवर बघून अक्षरं लावते, परवा एका ओळीत "विहिरीचे पाणी निमे" एवढं लागलं आणि मी एकटीच हसत बसले. पण हे काय सांगण्यासारखं नाही. स्वप्न शोधायची काही पद्धत असते का? का काही लोकांना नसतंच?

उत्तर : अहो बाई! हे पत्र वाचून मी आमच्या ऑफिसमधे मोठ्याने ओरडले, सगळ्यांनी वळून बघितलं. पद्धत विचारताय आणि पद्धत चौथ्या-पाचव्या ओळीत स्वतःच लिहून टाकलीत, वर म्हणताय सांगण्यासारखं नाही.

मला पत्रातून माणसाचं स्वप्न शोधायचं असलं ना, तर मी "माझं स्वप्न" असं जिथे लिहिलेलं असतं तो परिच्छेद सोडते. तिथे बहुतेक भिशीला सांगायची उत्तरं असतात. मी बघते की ह्या माणसाने झोपेतून, घरकामातून, पगारातून काय चोरलंय. चोरून केलेली गोष्ट खोटी नसते, कारण ती बघायला कुणी नसतं. तुम्ही रात्री साडेअकराला, दिवसभर बँकेत आकडे बघून डोळे दुखत असताना, फाटके कागद घेऊन बसताय आणि एका विहिरीच्या अर्ध्या पाण्यावर हसताय. लडाखवाल्या मैत्रिणीला हा आनंद मिळाला असेल तर चांगलंच आहे, पण तुमचा कमी नाहीये हो.

आणि मोडी ही काय साधी गोष्ट आहे का. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, बोरू जमेल तितका कमी उचलायचा, शब्दाशब्दात जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्वदीर्घाची भानगड नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. "ध चा मा" ची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती खरी असो नसो, पण अशी गोष्ट बनावी एवढी ती लिपी फसवी आहे हे तुम्हाला आता रोज रात्री कळतंच असेल. तारखा वाचायला गेलात तर शुहूर सन म्हणजे त्या काळची कालगणना आडवी येते, त्यात वर्षं लिहायची ती अरबीतल्या आकड्यांनी, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. (मला एवढेच येतात, जास्त विचारू नका.) पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) ठेवलेत, तिकडे तंजावरला सरस्वती महालात मोडी कागद आहेत, आणि वाचणारी माणसं किती, तर मोजकी. २०२३ मधे कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारे शोधत फिरायची वेळ आली, कारण जुन्या नोंदी मोडीत आणि साहेबांना येते बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी. गावोगावी जमिनीची जुनी खरेदीखतं तशीच पडलीयेत, घरच्यांना वाटतं पणजोबांचं काहीतरी अध्यात्म असेल.

तर आता काय करायचं. यूट्यूबवरून अक्षरं येतात पण चुका कोण दाखवणार, म्हणून एक वर्ग करा. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० मधे राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेलं, तिथे मोडीचं शिकवतात. सध्याच्या वर्गांची चौकशी फोन करून करा, काही ठिकाणी ऑनलाइन पण असतात. ट्रंकेतल्या कागदांचे आधी फोटो काढून घ्या, स्वच्छ उजेडात, फ्लॅश न लावता, आणि कागद घडीवर फाटत असतील तर सारखे उलगडू नका. प्लीज सेलोटेप लावू नका, लोक लावतात आणि काही वर्षांनी तोच चिकटपणा कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबातच नको. एक वही करा, डाव्या पानावर मूळ ओळ, उजव्या पानावर तुमचं वाचन, आणि जो शब्द लागत नाही तिथे रिकामी जागा, अंदाजाने भरायची नाही. सहा महिन्यांनी परत आलात की त्यातल्या निम्म्या जागा आपोआप भरतात असं मोडीवाले सांगतात.

एक धोका सांगून ठेवते. भिशीत हे सांगितलंत की कुणीतरी विचारेलच, "ह्याचे पैसे मिळतात का गं?" मिळतात, खरेदीखतं वाचून देणारे लोक पैसे घेतात आणि घ्यावेत, पण जमिनीच्या कागदात एक शब्द चुकला तर कोर्टात जातो, त्यामुळे निदान काही वर्षं तरी घरचीच ट्रंक वाचा. मॅनेजरच्या टार्गेटनंतर रात्री अजून एक टार्गेट कशाला लावून घ्यायचं. आधी ती विहीर कुणाची होती आणि निम्मं पाणी कुणाला गेलं ते शोधा, आणि सापडलं तर मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

प्रश्न : वय ४१, हिंजवडीत आयटीत मॅनेजर. फ्लॅटचं लोन अजून ११ वर्षं. कॉलेजला असताना एकांकिका केल्यात, बेस्ट ॲक्टरचं बक्षीस पण आहे. दर सोमवारी स्टँडअप मीटिंगमधे वाटतं की मी चुकीच्या स्टेजवर उभा आहे. डॉ. लागूंनी पण चाळिशीनंतर डॉक्टरकी सोडलीच ना? बायको म्हणते आधी कर्ज फेड. राजीनामा टाईप करून ड्राफ्टमधे ठेवलाय. धाडस करावं का?

उत्तर : ड्राफ्टमधेच राहू द्या सध्या.

लागूंचं नाव दर महिन्याला एका तरी पत्रात असतं, त्यामुळे एकदाच नीट लिहिते. ते कान-नाक-घशाचे सर्जन, आफ्रिकेत टांझानियात सुद्धा प्रॅक्टिस करून आलेले, आणि १९६९ मधे पूर्णवेळ नट झाले तेव्हा बेचाळिशीचे होते हे खरं. पण त्याच्या आधीची वर्षं लोक विसरतात. मेडिकलला असल्यापासून नाटक चालू, पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए ही नाट्यसंस्था उभी केली, म्हणजे नोकरी सोडली त्या दिवशी त्यांनी नाटक सुरू केलं नाही, नाटक कधीपासूनच चालू होतं, त्या दिवशी फक्त दवाखाना बंद झाला. आणि दुसरं उदाहरण पण त्याच पुण्यातलं, मोहन आगाशे. "घाशीराम कोतवाल"मधला १९७२ चा नाना फडणवीस, आणि त्याच वेळी मानसोपचाराचे डॉक्टर. त्यांनी दवाखाना बंद केला नाही, बीजे मेडिकलमधे शिकवत राहिले. दोघांत नाटकाशी कोण जास्त प्रामाणिक? मला तरी नाही सांगता येणार.

आता तुमच्याकडे. तुमच्या पत्रात शेवटची एकांकिका कॉलेजची आहे, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची. मधे काहीच नाही? गेल्या वर्षभरात किती प्रयोग पैसे देऊन बघितलेत? हे टोचून विचारत नाहीये, कारण मी पण ह्याच आजाराची पेशंट आहे. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की मला कादंबरी लिहायचीये पण ह्या कॉलममुळे वेळ मिळत नाही. मग एक वर्ष कॉलम बंद होता, पूर्ण मोकळं वर्ष, आणि पानं झाली अकरा. त्यातली चार नुसती पावसाची. तेव्हा कळलं की मला कादंबरी लिहायची नव्हती, मला "कादंबरी लिहिणारी" म्हणून ओळख करून घ्यायची होती. वाईट वाटलं, दोन दिवस कुणाशी बोलले नाही, मग तुमच्यासारख्यांची पत्रं परत उघडली आणि रात्री एकपर्यंत उत्तरं लिहीत बसले, ती मला कुणी सांगितली नव्हती.

तुमचं माझ्यासारखंच असेल असं नाही. पण तपासायला राजीनामा लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालूये, हौशी गटात बँकवाले, शिक्षक, एसटीवाले, सगळे नोकऱ्या करून उतरतात. पुण्यात हौशी संस्था ढिगानी आहेत, एखाद्या ग्रुपला जाऊन सांगा की मी येतो, पण रोल मागू नका. प्रॉम्प्टिंग करा, सेट उचला, प्रॉपर्टीची यादी सांभाळा. मंगळवारी संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून आठला तालमीला पोचायचं, तिथे हिरोईनला सर्दी म्हणून तालीम रद्द, आणि तरी गुरुवारी परत जायचं. असं एक सीझन करा. केलंत आणि पुढच्या सीझनला पण जावंसं वाटलं तर मग बायकोबरोबर एक्सेल शीट उघडून बसा, तोपर्यंत त्याही तुम्हाला तालमीतून येताना बघत असतील, आणि मला वाटतं त्यांचा विरोध नाटकाला नाहीच्चे, त्या ड्राफ्टला आहे. सोमवारच्या मीटिंगचा कंटाळा आलाय हे वेगळं दुखणं, त्याला कंपनी बदलणं हा पण उपाय असतो.

प्रश्न : (पोस्टकार्डावरून) वय वर्षे ६८. निवृत्त शिक्षक, सांगली. पेटी शिकण्याची इच्छा चाळीस वर्षांपासून. घरात पेटी आहे, वडिलांची. क्लासमध्ये सगळी मुले दहा-बारा वर्षांची. लोक हसतील काय?

उत्तर : काका, हसतील. पहिले पंधरा दिवस मुलं हसतील, मग तुम्ही त्यांना गणित शिकवाल आणि ती तुम्हाला बोटं कुठे ठेवायची ते दाखवतील.

पेटी एवढी वर्षं बंद असेल तर आधी दुरुस्त करून घ्या, भात्याला भोकं पडलेली असतात, सूर उतरलेले असतात, आणि बेसूर पेटीवर शिकलात की कान बिघडतो. सांगली-मिरजेला राहताय, वाद्यांच्या कारागिरांचं गाव तुमच्या दाराशी आहे, त्यामुळे ही सबब चालणार नाही. एखादी परीक्षा डोक्यावर असली की रियाज होतो असा तुमचा स्वभाव असेल (शिक्षकांचा असतो) तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक द्या, नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर बाहेर बाकावर बसायला लागेल एवढंच. आणि स्वभाव नसेल तर नका देऊ, यमन वाजवा, भूप वाजवा, वडिलांना कुठलं भजन आवडायचं ते आठवून वाजवा.

पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की क्लास मंगळवार आणि शुक्रवार पाच ते सहा असतो. म्हणजे चौकशी करून झालीये. हा अंक तुमच्या हातात बहुतेक शनिवारी पडेल, पेटीवाल्याला त्याच दिवशी फोन करा.